साळवे बाईंची काठी

साळवे बाई स्नूकर पार्लरचा जिना पहिल्यांदा चढल्या त्या खेळायला नाही, भांडायला.

आमची मुलींची शाळा नगरला, स्टेशन रस्त्याच्या आतल्या बाजूला. शाळेच्या वाटेवरच टायरचं एक दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर नवं पार्लर निघालं होतं. त्या वर्षांत नगरात अशा गोष्टी एकेक करून येत होत्या. आधी व्हिडिओ गेमची दुकानं आली, मग एसटीडीचे बूथ, मग हे. खिडक्यांना काळा कागद लावलेला, त्यामुळे आत काय चालतं ते कुणाला दिसत नसे, आणि दिसत नसल्यामुळे आत सगळं वाईटच चालतं असं सगळे धरून चालत. शाळा सुटली की जिन्याच्या तोंडाशी टोळकं उभं राही आणि आमच्या मुलींकडे बघून काहीबाही बोले. एकदा आठवीतली एक मुलगी रडतच स्टाफरूममध्ये आली. मोठ्या बाईंना सांगू, पोलिसांत अर्ज देऊ, अशी आमची चर्चा सुरू झाली. साळवे बाई तेवढ्यात निघाल्यासुद्धा. मुलगी माझ्या वर्गातली, म्हणून मी मागोमाग धावले.

साळवे बाई आमच्या खेळाच्या शिक्षिका. उंच, रुंद खांद्याच्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्या अवतारात त्या जिना चढून वर गेल्या आणि दारातच शिट्टी फुंकली. आतली सगळी माणसं जागच्या जागी थिजली.

"खाली मुलीला कोण बोललं? पुढं ये."

कुणीच पुढे आलं नाही. दोघंतिघं मागच्या मागे जिन्यावरून सटकले. पार्लरचे मालक अन्वरभाई गल्ल्यावरून धावत आले. दुबईला बरीच वर्षं काढून परतलेला, मऊ बोलणारा माणूस. "बाई, आमची काय चूक झाली?"

"उद्या तुमच्या जिन्यावर एक पोरगा दिसला, तर हे सगळं दुकान मी खाली रस्त्यावर आणून मांडीन. दिसायला बाई असले तरी सोळा पौंडी गोळा फेकायची सवय आहे मला."

हे खोटं होतं. बायकांचा गोळा तेवढा जड नसतो. पण अन्वरभाईंना ते कुठं ठाऊक असणार? त्यांनी हात जोडले. भांडण संपलं, मी निघाले, आणि मागे वळून पाहिलं तर बाई तिथंच उभ्या. दिव्याखालचं ते हिरवं टेबल, एक माणूस त्यावर वाकलेला, बाकी सगळीकडे अंधार. त्या माणसाने फटका मारला. पांढरा चेंडू लाल चेंडूला जेमतेम शिवला, लाल हळूहळू जाऊन खिशात पडला आणि पांढरा आपला परत येऊन मधोमध थांबला. बाई बघतच राहिल्या.

"सकाळी किती वाजता उघडता?" त्यांनी विचारलं.

अन्वरभाई घाबरले. "बाई, लायसन आहे आपल्याकडे."

"लायसन कोण मागतंय? मला खेळायचंय."

बाई मूळच्या खर्ड्याच्या. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते, ते लवकर गेले. बाईंनी गोळाफेकीच्या जोरावर कॉलेज काढलं, विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, खेळाच्या शिक्षणाची पदवी घेतली आणि आमच्या शाळेत लागल्या. केडगावला दोन खोल्यांत आई आणि त्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पदकांनी भरलेली एक बरणी. पदकं बरणीत का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भिंतीवर लावली की पुसत बसावं लागतं." लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणत, "गोळा जसा लांब लांब जायला लागला तसे नवरदेवही लांब लांब जायला लागले." आणि स्वतःच मोठ्याने हसत. त्यांची आई मात्र त्यावर कधी हसली नाही.

शाळेत त्यांचं एकच वाक्य प्रसिद्ध होतं. "कारण सांगू नकोस, परत कर." मुलगी उडी चुकली, पाय घसरला म्हणाली, वाळू ओली होती म्हणाली, की हे वाक्य. मुली त्यांना घाबरत आणि पावसाळ्यात मैदान बंद झालं की त्यांच्याचभोवती घुटमळत. पुढे गुडघे गेले, डॉक्टरांनी धावणं बंद करायला सांगितलं, तेव्हा बाईंना कसलं तरी कुलूप लागल्यासारखं झालं होतं. स्टाफरूममध्ये खिडकीशी बसून राहायच्या. त्याच सुमारास ते पार्लर निघालं.

मग त्या रोज सकाळी केडगावहून लुनावर यायच्या. अन्वरभाई खास त्यांच्यासाठी लवकर उघडत. मी जवळच भाड्याने राहत होते. त्या जिन्यावर एकटी बाई नको, निदान दोघी तरी असाव्यात, म्हणून पहिल्या आठवड्यात मी सोबत गेले आणि मग जातच राहिले. तपासायच्या वह्या घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. मला खेळ कधी आला नाही. बाईंना बघणं मात्र आवडायचं.

पार्लरमधली मुलं क्यू म्हणत, स्टिक म्हणत. बाई काठी म्हणत. "क्यू म्हणजे रांग. रांगेत उभं राहायला मी इथं आलेले नाही." पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या काठ्या उतरवून घेतल्या. एकेक काठी गालाशी धरायची, एक डोळा मिटायचा आणि बंदूक रोखल्यासारखं टोकाकडे बघत काठी बोटांत हळूहळू फिरवायची.

"ही वाकडी. ही पण वाकडी. हिच्या टोकाचं चामडं दगड झालंय. हिचा जोड आतून खिळखिळा आहे, ऐका," असं म्हणून त्यांनी काठीचा बुंधा जमिनीवर आपटला.

"बाई, सगळे ह्याच काठ्यांनी खेळतात," अन्वरभाई म्हणाले.

"म्हणूनच सगळे एकमेकांना दोष देतात."

काठी निवडताना सगळ्यात महत्त्वाचं काय, यावर तिथे नेहमी वाद चालत. एक वकील होता, नुकती प्रॅक्टिस सुरू केलेला, कुलथे नावाचा. तो म्हणे वजन. आणखी कुणी म्हणे लाकूड परदेशी हवं. अन्वरभाई म्हणत, टोकाला चिकटवलेलं चामडं चांगलं असलं की बाकी काही बघू नका. बाई सगळ्यांचं ऐकून घेत. मग म्हणत, "सरळ पाहिजे. वाकड्या काठीनं चेंडू चुकला तर तुम्ही काठीला शिव्या घालता. काठी सरळ असली की शिव्या कुणाला घालायच्या ते कळतं." त्यांनी भिंतीवरची त्यातल्या त्यात सरळ काठी निवडून तिच्या बुंध्यावर खडूने रेघ मारली. ती काठी मग बाईंची, असं ठरून गेलं. कुणी तिला हात लावत नसे.

वर्षभरात गावात बोभाटा झालाच. पालकांची तक्रार आली, आणि शाळेच्या मंडळावरचे एक वजनदार गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते थेट स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, "साळवे, शिक्षिकेनं असल्या ठिकाणी जाणं बरं दिसत नाही. शेवटी कुणाला काय संस्कार असतात यावर असतं म्हणा." हे दुसरं वाक्य म्हणताना ते बाईंकडे बघत नव्हते. तक्रार स्नूकरची होती, पण रोख कुठे आहे ते खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. बाईंची नेमणूक झाली तेव्हाही असलीच वाक्यं हवेत फिरली होती.

बाई उठून उभ्या राहिल्या. "अण्णा, तुमच्या क्लबात तुम्ही पत्ते खेळता. तिथं मला कुणी आत घेणार नाही. इथं घेतात, म्हणून इथं जाते. शाळेच्या वेळात गेले असेन तर काढून टाका. आणि संस्कारांचं म्हणाल, तर केडगावला चला माझ्याबरोबर, आईच्या तोंडावर बोला."

अण्णा चहा न घेताच गेले. मोठ्या बाईंनी नंतर साळवे बाईंना आत बोलावून, जरा जपून, एवढंच सांगितलं. प्रकरण तिथेच थांबलं. त्या दिवशी दुपारी मात्र मैदानावर बाई एकाही मुलीवर ओरडल्या नाहीत. कडेला उभ्या राहून नुसती शिट्टी हातात फिरवत होत्या.

त्यानंतरच्या दिवाळीच्या आसपासची एक सकाळ. बाई टेबलावर वाकल्या होत्या. स्नूकरमध्ये वाकलं की काठी छातीला घासत जाते, त्या घासण्यावरच खेळणारा आपली रेघ धरतो, हे मला त्यांनीच सांगितलेलं. त्या वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या, पाय बदलला, पुन्हा वाकल्या. मग काठी टेबलावर ठेवून माझ्याकडे आल्या.

"थोरात, काठी जाते तिथं गाठ लागते."

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं काठीला गाठ आहे, लाकडात असते तशी.

"इथं," त्या म्हणाल्या आणि उजव्या बाजूला हात ठेवला. "उन्हाळ्यापासून आहे. मला वाटलं उभं राहण्यात चूक होतेय. पाय बदलले, कोपर बदललं. आता कुठंही उभी राहिले तरी लागते."

उन्हाळ्यापासून. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "मला कळतंय."

पुण्यात ऑपरेशन झालं. उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग औषधं, मग शेक. मी रजा काढून काही दिवस त्यांच्याबरोबर राहिले. त्यांची आई वॉर्डच्या बाहेर चटईवर बसून असायची. म्हातारीला कुणी नीट काही सांगितलं नव्हतं. एकदा माझा हात धरून म्हणाली, "पोरी, मला खरं सांग. माजी कौसल्या बरी व्हईल का न्हाई? डाक्टर विंग्रजीत बोलत्यात आन् ही हसती."

"होतील बऱ्या, आई."

"तू बी हसाया लागलीस," म्हातारी म्हणाली आणि हात सोडला.

बाई परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. डोक्याला रुमाल. उजवा हात मात्र उलटा जाड झालेला, काखेतल्या गाठी काढल्या की पाणी साठतं म्हणे. बांगडी मनगटावरून सरकत नव्हती, ती कापून काढावी लागली. डॉक्टरांनी भिंतीशी उभं राहून बोटांनी वर वर चढत जायचा व्यायाम दिला होता. केडगावच्या घरात बाई रोज भिंतीशी उभ्या राहत आणि जिथवर बोटं पोचतील तिथे पेन्सिलीची खूण करत. दुखत असलं पाहिजे खूप. ओठ दाबून धरत आणि पुन्हा सुरुवात करत. त्यांची आई चुलीपुढून उठून बाहेर जाई.

हात खांद्याच्या वर जायला लागला त्याच आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "चल, जिना चढून बघू."

अन्वरभाईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. बाईंनी खडूची रेघ असलेली आपली काठी घेतली आणि वाकल्या. कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "आता काठीच्या वाटेत काही नाही बघ." आणि हसल्या. त्या हसण्यावर मला हसता आलं नाही. अन्वरभाई पाठ फिरवून दिव्याची वायर बघत बसले.

पण ती काठी आता त्यांना पेलत नव्हती. दोनचार फटके झाले की हात थरथरायचा. सुजलेल्या बोटांत बुंधा नीट धरला जात नव्हता. बाईंनी ती काठी भिंतीवर परत लावली, बुंध्यावरची रेघ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "ही आता कुणीही घ्या."

पुण्याला तपासणीला जायचं होतं, त्याच दिवशी काठी घ्यायची असं ठरलं. दवाखान्याचं काम आटोपून आम्ही कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचे, नाकावर चष्मा, फार सभ्य. म्हणाले, "मिस्टरांसाठी हवीय का?"

"मिस्टर नाहीत. मला हवीय."

त्यांनी एकदा बाईंच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं, एकदा हाताकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. मऊ मखमलीच्या पेटीतून एक काठी काढली. बुंध्यावर रंगीत लाकडाची नक्षी, चकचकीत पॉलिश. बाईंनी ती हातात घेतली आणि लगेच परत दिली. "देखणी आहे. दुसरी दाखवा."

मग तासभर तेच चाललं. प्रत्येक काठी गालाशी, एक डोळा मिटलेला. दुकानदार म्हणाले, टेबलावर लोळवून बघा, सरळ असली तर डुगडुगणार नाही. बाई म्हणाल्या, "लोळवून कळत नाही. बुंधा एका बाजूनं तासलेला असतो, तो सरळ काठीलाही डुगडुगवतो. डोळ्यानंच बघावं लागतं." दुकानदारांनी मान डोलावली आणि त्यानंतर ते स्वतःहून आतल्या काठ्या आणायला लागले. फिक्या लाकडाच्या, लांब उभ्या रेषा असलेल्या. बाई रेषांवरून बोट फिरवून त्या टोकापर्यंत न तुटता जातात का ते बघत. सरळ काठ्या पुष्कळ निघाल्या. पण एक हाताला जड, दुसरी हलकी खरी पण सगळं वजन मागे, त्यामुळे टोक वर उचललं जाई. तिसरीचा बुंधा बारीक, बोटं मिटत नव्हती. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, बसा जरा. त्यांनी ऐकलं नाही.

शेवटी एक सापडली. साधी, बिननक्षीची, बुंध्याला जरा जाड आणि एकूण हलकी. पॉलिशवर एक ओरखडा होता. बाई दुकानातल्या टेबलावर वाकल्या, काठी मागे घेतली, पुढे नेली. हात थरथरला नाही.

दुकानदार म्हणाले, "ताई, खरं सांगू का? इतकी हलकी काठी जाणकार घेत नाहीत. चेंडूला जोर मिळत नाही."

"जाणकारांचा हात कुठून आणू मी? हा आहे, ह्याला कुठली पेलते ते बघायचं."

"सरळ मात्र अगदी आहे. नीट ठेवलीत तर वीस वर्षं काही व्हायचं नाही हिला."

बाई पिशवीतून पैसे काढत होत्या. म्हणाल्या, "तेवढी नको होती. पण असू द्या."

दुकानदारांनी चष्मा काढला, पुसला. काठी कागदात गुंडाळून देताना टोकाला लावायच्या खडूचा एक डबा वर ठेवला आणि पैसे घेईनात. एसटीत बाईंनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. शिरूर मागे पडलं. मग म्हणाल्या, "थोरात, मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आधी सरळ बघा. आज सरळ इतक्या होत्या तिथं. पेलणारी एकच निघाली."

त्या काठीनं त्या वर्षभर खेळल्या. डोक्यावर पुन्हा केस आले, विरळ आणि मऊ. अन्वरभाईंनी पार्लरमध्ये स्पर्धा ठेवली तेव्हा बाईंनी नाव दिलं. श्रीरामपूर, संगमनेरपासून खेळाडू आले होते, सगळे पुरुष. पहिल्या दोन फेऱ्या बाई जिंकल्या. जोर नव्हता, पण पांढरा चेंडू समोरच्याला गैरसोयीच्या जागी नेऊन ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. तिसऱ्या फेरीत समोर कुलथे वकील. सुरुवातीला तो मुद्दाम सोपे चेंडू सोडायला लागला. दोनदा झालं तसं बाई सरळ उभ्या राहिल्या.

"कुलथे, कोर्टात पण अशिलाला असंच हरवतोस का? नीट खेळ, नाहीतर मी चालले."

वकिलाचे कान लाल झाले. त्यानंतर तो खरा खेळला आणि सामना शेवटच्या रंगीत चेंडूंवर आला. बाईंना निळा चेंडू घ्यायचा होता, तो घेतला की पारडं त्यांच्याकडे झुकत होतं. त्या लांबवर वाकल्या, फटका मारला, निळा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हात वर केला.

"फाऊल. काळ्या चेंडूला माझी बाही लागली."

पंच म्हणून उभे असलेले अन्वरभाई म्हणाले, "मी नाही बघितलं, बाई."

"मी बघितलं."

सूज लपवायला बाई त्या हाताला सैल बाही शिवून घेत. तीच लागली होती. गुण वकिलाला गेले, खेळही त्याच्याकडे गेला, बाई हरल्या. कुलथे त्यांचा हात हातात घेऊन उभा राहिला. बाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जिना उतरताना मात्र त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि म्हणाल्या की पाठ फार दुखतेय, वाकून वाकून.

वाकून नव्हती दुखत. आजार मणक्यात उतरला होता.

या खेपेला पुण्याच्या डॉक्टरांनी फारसं काही सुचवलं नाही. दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. बाईंची शाळा सुटली. त्या केडगावच्या खोलीत कॉटवर पडून असत आणि मी शाळा सुटली की जाई. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यातच गेले असते तर वाचले असते का गं?"

"डॉक्टर म्हणाले ना, सांगता येत नाही."

"तेच ना. सांगता येत नाही." छताकडे बघत होत्या. "पोरींना मी म्हणायची, कारण सांगू नका. चूक सापडली की सुधारता येते. आता मी इथं पडून चूक शोधतेय. कधी वाटतं माझीच. कधी वाटतं कुणाचीच नाही. कुणाचीच नसली तर, थोरात, मग काय करायचं असतं?"

  मी त्यांचे पाय दाबत बसले.

मग खर्ड्याहून धाकटा भाऊ आला. गावी नेतो म्हणाला, तिथे वहिनी आहे, माणसं आहेत. बाईंना जायचं नव्हतं. "मी तिथून निघाले ती परत जायला नाही," असं त्या भावाला दोनदा म्हणाल्या. पण आईला एकटीला उचलवत नव्हतं. शेवटी टेम्पोत गादी टाकली. काठी त्यांनी अन्वरभाईंकडे पाठवली, आणि निरोप दिला: भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकते, टांगून ठेवा. हलक्या हाताचं कुणी आलं तर द्या, नाही आलं तर नका देऊ. पुढे कितीतरी दिवस ती पार्लरमध्ये टांगलेली होती. मग अन्वरभाईंनीच पार्लर मोडलं, टेबलं कुणाला तरी विकली आणि काठी कुठे गेली ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

मी खर्ड्याला एकदाच गेले, जामखेडवरून, उन्हाळ्याच्या तोंडी. घर किल्ल्याच्या बाजूला, पुढे मोठं अंगण. बाईंना माझ्याशी बोलायला फार कष्ट पडत होते. शाळेतल्या मुलींची नावं घेऊन कोण कशी आहे विचारलं. खो-खोचा संघ हरल्याचं सांगितलं तर डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "जा आता. एसटी चुकली तर इथं राहावं लागेल, आणि वहिनीचं कालवण तुला खायला लागेल." वहिनी दारातच उभी होती. तिने पदराआड तोंड नेलं.

पंधरवड्याने शाळेत निरोप आला. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. अण्णा आले होते, दोन शब्द बोलले, चांगले बोलले. मुलींना घरी सोडलं.

पण बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या खर्ड्याच्या अंगणात. मी निघाले, रस्त्याला लागले आणि छत्री विसरली म्हणून परत वळले. कुंपणापाशीच थांबले. कॉट उन्हातून सावलीत ओढली होती. बाईंचं डोकं कॉटच्या कडेबाहेर घेतलेलं, खाली घमेलं. त्यांची आई जमिनीवर उकिडवी बसून त्यांचे केस धूत होती. एक हात मानेखाली, सुईण पोराला न्हाऊ घालते तसा, आणि दुसऱ्या हाताने तांब्या. पाणी ओतण्याआधी म्हातारी दर वेळी तांब्या खाली ठेवी, ओल्या तळव्याने पाणी गरम तर नाही ना बघी, मग लेकीच्या कपाळावर हाताचा आडोसा धरी, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. "मीट डोळं, कौसल्या," ती म्हणत होती. "मीट. झालं बग आता."

बाईंनी डोळे मिटले होते. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेल्या त्या बाई. मी छत्री न घेताच वळले.